लॅपटॉपची हॉटकी बटणं लिनक्सवर चालेनात? ड्रायव्हर शोधत फिरण्याआधी हे करा

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला. त्यानंतर घराघरांतल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं प्रमाण वाढलंय, निदान माझ्या ओळखीत तरी. त्यातही ऑफिसांतून निघालेले, लॅमिंग्टन रोडला किंवा कुठल्या रिफर्बिश्ड दुकानात मिळणारे लेनोवोचे थिंकपॅड फार. मशीन दणकट असतं, पण इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर असला तर विंडोज ११ बहुतेक वेळा अधिकृतपणे बसत नाही. मग लिनक्स मिंट टाकलं जातं, सगळं झकास चालतं, आणि वरच्या रांगेतलं माइक बंद करायचं बटण मात्र ढिम्म हलत नाही. पुढचा प्रश्न ठरलेला: "याचा ड्रायव्हर कुठून डाउनलोड करू?"

कुठूनच नाही. लिनक्समध्ये हॉटकीचे, म्हणजे आवाज, ब्राइटनेस, माइक असल्या खास बटणांचे, ड्रायव्हर कर्नेलसोबतच (लिनक्सच्या गाभ्यासोबतच) येतात. "हॉटकी ड्रायव्हर फ्री डाउनलोड" म्हणणाऱ्या साइट विंडोजवाल्यांसाठी असतात, आणि त्यातल्याही बऱ्याच नको ते गळ्यात मारतात. आपल्याला शोधायचं आहे ते वेगळंच: बटण दाबल्यावर निघालेला निरोप नेमका कुठे अडतो. तो आधी लॅपटॉपच्या फर्मवेअरकडे (मशीनमध्येच भरलेल्या मूळ प्रोग्रामकडे) जातो, तिथून कर्नेलच्या ड्रायव्हरकडे, मग त्याला बटणाचं नाव मिळतं आणि शेवटी डेस्कटॉप त्यावर काम करतो. अडण्याची जागा कळली की दुरुस्ती बहुतेक दोन-चार ओळींची असते.

उदाहरण म्हणून थिंकपॅड टी४७० आणि लिनक्स मिंट सिनॅमन (मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप) घेतोय. इतर कंपन्यांचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन.

आधी हे जवळ ठेवा

- मिंटचा लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता ज्यावरून थेट मिंट चालतं तो (अजून इन्स्टॉल केलं नसेल तर)
- चार्जर, कारण बायोस (लॅपटॉप सुरू करणारं फर्मवेअर) अपडेट करायची वेळ आली तर तो लागतोच
- मॉडेलचं पूर्ण नाव आणि लॅपटॉपच्या पोटावरच्या स्टिकरवरचा चार अक्षरी मशीन टाइप, टी४७०ला उदाहरणार्थ २०एचडी
- बाहेरचा यूएसबी कीबोर्ड असल्यास उत्तम, नसला तरी चालेल
- बटणांचे निरोप दाखवणारी इव्हीटेस्ट आणि लिबइनपुट-टूल्स ही दोन पॅकेजेस, दोन्ही सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये मिळतात

आज्ञा इथे देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. उच्चारावरून घोटाळा होण्यासारखं असेल तिथे एकेक अक्षर सुटं दिलंय.

## १. आधी बायोसमध्ये डोकावा

लॅपटॉप सुरू होताना एफ१ दाबत राहा, थिंकपॅडचं बायोस उघडेल. कॉन्फिग विभागात कीबोर्ड आणि माउस असं पान आहे. तिथल्या दोन गोष्टी बघा.

पहिली, 'एफ१ ते एफ१२ प्रायमरी फंक्शन'. हे चालू असेल तर आवाजाचं बटण दाबल्यावर आवाज बदलणार नाही, साधं एफ२ किंवा एफ३ जाईल आणि आवाजासाठी एफएन धरून दाबावं लागेल. दुसरी, एफएन आणि कंट्रोल यांची अदलाबदल. टी४७०च्या कोपऱ्यात एफएन असतं आणि कंट्रोल त्याच्या शेजारी, म्हणून आधीच्या मालकाने ती अदलाबदल करून ठेवलेली असू शकते. तसं असेल तर तुम्ही एफएन समजून दाबताय ते कंट्रोल निघेल.

एफएन आणि एस्केप एकत्र दाबलं की एफएन-लॉक लागतो किंवा सुटतो. एस्केपवरचा बारीक दिवा बघा. "काल चालत होतं, आज चालत नाही" यातली कितीतरी प्रकरणं या एका दिव्यापाशी मिटतात.

## २. इन्स्टॉल करण्याआधी लाइव्ह पेनड्राइव्हवर तपासा

ज्यांनी अजून इन्स्टॉल केलं नाही त्यांनी हे चुकवू नका. लाइव्ह मिंट सुरू करून वरच्या रांगेतलं प्रत्येक बटण दाबा आणि कागदावर खूण करा. त्यानंतर लॅपटॉप झोपवून जागा करा आणि पुन्हा सगळी दाबा, काही बटणं झोपेनंतरच बिघडतात. सेकंडहँड घेत असाल तर हेच दुकानात करा. विकणारा कंटाळेल, कंटाळू दे.

विंडोज असताना बटणं चालत होती का हेही माहीत असलेलं बरं. तिथेही चालत नसतील तर कीबोर्डच गेलेला असू शकतो, आणि मग लिनक्सला बोल लावण्यात अर्थ नाही.

## ३. ड्रायव्हर जागेवर आहे का?

टर्मिनलमध्ये टाइप करा: एलएसमॉड, मग उभी रेघ, मग जी-आर-ई-पी, जागा सोडून थिंकपॅड. 'थिंकपॅड_एसीपीआय' असं नाव असलेली ओळ आली म्हणजे ड्रायव्हर चढलेला आहे.

दुसरी खातरजमा कर्नेलच्या नोंदींतून होते: सुडो, डी-एम-ई-एस-जी, उभी रेघ, जी-आर-ई-पी, थिंकपॅड (सुडो म्हणजे आज्ञा अ‍ॅडमिनच्या अधिकाराने चालवणं). इथे 'थिंकपॅड एसीपीआय एक्स्ट्राज' असं लिहिलेली ओळ दिसते, आणि पुढे बायोसची आवृत्ती आणि तुमचं मॉडेल. तुमच्या मशीनचं नाव इथे बरोबर आलं असेल तर ड्रायव्हरने मशीन ओळखलं आहे.

इतर लॅपटॉपवर नाव बदलतं. एचपीला एचपी-डब्ल्यूएमआय, डेलला डेल-डब्ल्यूएमआय आणि डेल-लॅपटॉप, आसुसला आसुस-एनबी-डब्ल्यूएमआय, एसरला एसर-डब्ल्यूएमआय, लेनोवोच्या आयडियापॅडला आयडियापॅड-लॅपटॉप, जुन्या व्हायोला सोनी-लॅपटॉप. यादीत हायफनऐवजी अंडरस्कोअर दिसेल, तेवढ्याने बिचकू नका.

जुनं साहित्य वाचताना 'आयबीएम-एसीपीआय' हे नाव भेटेल. तो हाच ड्रायव्हर. थिंकपॅड मूळचा आयबीएमचा. २००५मध्ये लेनोवोने तो धंदा घेतला आणि २००७च्या २.६.२२ या कर्नेलपासून ड्रायव्हरला आजचं नाव मिळालं. प्रॉक फोल्डरमधल्या त्याच्या जागेचं नाव मात्र अजून आयबीएमच आहे.

इथले सापळे. त्या जुन्या साहित्यातच "हॉटकी फाइलमध्ये इनेबल लिहा" किंवा "हॉटकी मास्कचे सगळे बिट चालू करा" असले सल्ले असतात. पहिल्याची आता गरज नाही. दुसरा त्रासदायक आहे: काही बटणं फर्मवेअर स्वतःच हाताळतं, ती पुन्हा डेस्कटॉपलाही कळवली की एका दाबात दोन कामं होतात. आणि थिंकपॅड नसलेल्या मशीनवर 'फोर्स_लोड' वापरून हा ड्रायव्हर जबरदस्तीने चढवू नका. तो थेट त्या मशीनच्या फर्मवेअरशी बोलतो, अनोळखी फर्मवेअरवर त्याचे काय परिणाम होतील सांगता येत नाही.

## ४. बटण नेमकं कुठून बोलतं ते बघा

इथे वेळ काढून बसा. अख्ख्या लेखातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

आज्ञा: सुडो लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स. आधी जोडलेल्या सगळ्या इनपुट साधनांची यादी येते, मग आज्ञा थांबून वाट बघते. आता हॉटकी एकेक करून दाबा. दाबलेल्या प्रत्येक बटणाची ओळ उमटते: कुठल्या साधनाकडून आलं, नाव काय, क्रमांक काय. साधी अक्षरं दाबलीत तर नावाच्या जागी नुसते तारे दिसतील. पासवर्ड पडद्यावर उघडा पडू नये म्हणून ते मुद्दाम झाकतात. बाहेर पडायला कंट्रोल-सी.

टी४७०वर बघताना एक गंमत लक्षात येते. वरची रांग दिसायला एकसारखी, पण बटणं वेगवेगळ्या वाटांनी येतात. एफ१ ते एफ३ ही आवाजाची बटणं साध्या कीबोर्डकडून येतात, त्या साधनाचं नाव 'एटी ट्रान्सलेटेड सेट २ कीबोर्ड'. एफ५ आणि एफ६, म्हणजे ब्राइटनेस, 'व्हिडिओ बस' नावाच्या साधनाकडून. माइकचं एफ४ आणि एफ१२वरचा तारा (चांदणीचं चित्र असलेलं बटण) 'थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स'कडून, आणि हॉटकी ड्रायव्हर बनवतो ते साधन एवढंच. एफएन आणि स्पेसने लागणारा कीबोर्डचा दिवा तर फर्मवेअर परस्पर लावतं, लिनक्सला विचारतही नाही.

म्हणून इव्हीटेस्टमध्ये 'थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स' निवडून ब्राइटनेसचं बटण दाबायचं, काही उमटलं नाही म्हणून ड्रायव्हर बिघडलाय असं ठरवायचं, आणि सगळं पुन्हा इन्स्टॉल करत बसायचं, हा उद्योग करू नका. ते बटण तिथे येणारच नव्हतं.

आणखी एक: बऱ्याच लॅपटॉपवर प्रोजेक्टरचं बटण स्वतःचं नाव सांगतच नाही, सुपर (विंडोजच्या चिन्हाचं बटण) आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबल्याचं सोंग करतं. लिबइनपुटमध्ये दोन ओळी उमटल्या तर ते बरोबरच आहे.

आता निकाल वाचा:

- ओळ उमटली, नाव बरोबर, तरी काम होत नाही: ड्रायव्हर निर्दोष आहे. पायरी ५, ६ किंवा ८.
- ओळ उमटली पण नाव भलतंच किंवा 'अननोन': पायरी ७.
- काहीच उमटलं नाही: आधी डी-एम-ई-एस-जीच्या शेवटच्या ओळी बघा. तिथे 'अननोन की प्रेस्ड' असेल तर पायरी ७, 'अनहँडल्ड एचकी इव्हेंट' असेल तर पायरी ९. तिथेही शुकशुकाट असेल तर बायोस अपडेट करून बघा. अनेक थिंकपॅडचं बायोस मिंटमधल्या एफडब्ल्यूअपडी या सोयीतून, विंडोज नसतानाही अपडेट होतं. चार्जर लावून, आणि मध्येच बंद न करता.

## ५. ब्राइटनेस: बटण बरोबर, पडदा हट्टी

पॅनेलमधल्या बॅटरीच्या चिन्हावर क्लिक करून ब्राइटनेसची पट्टी हलवून बघा. पट्टीने पडदा उजळतोय आणि बटणाने नाही, तर गोंधळ डेस्कटॉपच्या शॉर्टकटमध्ये. पट्टीनेही हलत नसेल तर हॉटकीचा इथे संबंधच नाही, पडद्याच्या मागच्या दिव्याचा ड्रायव्हर चुकीचा लागलाय.

सिस, क्लास, बॅकलाइट या फोल्डरमध्ये काय आहे ते बघा. टी४७०ला इंटेलचं ग्राफिक्स आहे, तेव्हा 'इंटेल_बॅकलाइट' दिसायला हवं. त्याऐवजी किंवा त्याच्यासोबत 'एसीपीआय_व्हिडिओ०' असेल तर डेस्कटॉप चुकीच्या दिव्याला हुकूम सोडत असण्याची शक्यता आहे. उपाय म्हणजे कर्नेलला सुरू होतानाच सांगणं: 'एसीपीआय_बॅकलाइट', बरोबरचं चिन्ह, 'नेटिव्ह'.

हे लगेच ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये कायमचं लिहू नका. मशीन सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून ग्रबचा मेनू आणा, पहिल्या नोंदीवर ई दाबा, 'लिनक्स'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या टोकाला हे शब्द जोडा आणि एफ१० दाबा. बदल तेवढ्या एका वेळेपुरता राहतो. चाललं तर मग इटीसी, डीफॉल्ट, ग्रब या फाइलमध्ये 'क्वाएट स्प्लॅश'च्या पुढे लिहून सुडो अपडेट-ग्रब करा. 'एसीपीआय_ओएसआय'चे सल्लेही भरपूर सापडतील. कारण कळल्याशिवाय ते वापरू नका. त्याने फर्मवेअर समोरची सिस्टिम कोणती समजतं तेच बदलतं, आणि एक बटण दुरुस्त होताना झोप किंवा टचपॅड बिघडू शकतं.

## ६. माइकचं बटण आणि २५५ची भिंत

एफ४ दाबल्यावर लिबइनपुटमध्ये 'माइक म्यूट' ऐवजी 'एफ२०' हे नाव दिसेल. कीबोर्डवर एफ१२च्या पुढे काही नसताना हे एफ२० आलं कुठून?

मिंट सिनॅमन अजून मुख्यतः एक्स११ या जुन्या पडदा-यंत्रणेवर चालतं. तिला २५५पर्यंतचेच क्रमांक कळतात, आणि कर्नेलकडून आलेल्या प्रत्येक क्रमांकात ती ८ मिळवते. कर्नेलमध्ये माइक म्यूटचा क्रमांक २४८. आठ मिळवले की २५६, म्हणजे भिंतीच्या एक पाऊल पलीकडे. बटण दाबलं जायचं, कर्नेलला कळायचं, डेस्कटॉपला पत्ता नाही. म्हणून सिस्टिमडीसोबत (मिंटमधल्या सेवा सांभाळणाऱ्या यंत्रणेसोबत) येणाऱ्या बटणांच्या यादीत या बटणाला १९० क्रमांकाचं, कोणी वापरत नसलेलं एफ२० हे नाव दिलंय, आणि डेस्कटॉपच्या बाजूने एफ२० म्हणजेच माइक बंद असं धरलंय. तेव्हा एफ२० दिसलं तर ते बरोबर आहे, 'दुरुस्त' करायला जाऊ नका.

बटणावरच्या दिव्याचं वेगळं. तो ड्रायव्हर लावतो, पण आवाजाच्या यंत्रणेने सांगितल्यावर. दिवा आणि माइकची खरी स्थिती जुळत नाही असं कधीकधी होतं. मीटिंगमध्ये दिव्यावर विसंबू नका. साउंड सेटिंग्जमध्ये इनपुटची पातळी उघडून बोलून बघा, पट्टी हलली तर माइक चालू आहे.

## ७. अनोळखी बटणाला नाव द्या

हे थिंकपॅडपेक्षा इतर लॅपटॉपवर जास्त लागतं. सुडो इव्हीटेस्ट चालवा, यादीतून साध्या कीबोर्डचा क्रमांक द्या आणि बटण दाबा. 'एमएससी_स्कॅन'च्या ओळीत शेवटी जी किंमत येते, समजा डी९, ती लिहून घ्या. हा त्या बटणाचा स्कॅनकोड.

आता लिब, युडेव्ह, एचडब्ल्यूडीबी.डी या फोल्डरमधली '६०-कीबोर्ड.एचडब्ल्यूडीबी' ही फाइल उघडून वाचा. फक्त वाचा. सुरुवातीला लिहायची पद्धत समजावलेली आहे आणि खाली कंपनीवार शेकडो नोंदी आहेत. तुमच्या कंपनीची एक नोंद नमुना म्हणून घ्या आणि इटीसी, युडेव्ह, एचडब्ल्यूडीबी.डी या फोल्डरमध्ये '९०-माझी-बटणं' अशा अर्थाची, रोमन नावाची, .एचडब्ल्यूडीबी शेपटीची नवी फाइल करून त्यात बसवा. पहिल्या ओळीत मशीनची ओळख, दुसरीत स्कॅनकोड आणि त्याचं नवं नाव, उदाहरणार्थ 'प्रॉग१' (हवं ते काम लावायला मोकळं नाव).

अडतं ते नेहमी याच बारकाव्यांत:

- दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक जागा सोडायलाच हवी. ती नसेल तर नोंद लागूच होत नाही.
- स्कॅनकोडला शून्य-एक्स लावायचं नाही, नुसतं डी९.
- बटणाचं नवं नाव लहान अक्षरांत.
- मूळ ६० क्रमांकाची फाइल बदलू नका, पुढच्या अपडेटला ती पुसली जाते.

शेवटी दोन आज्ञा: सुडो सिस्टिमडी-एचडब्ल्यूडीबी अपडेट, आणि सुडो युडेव्हएडीएम ट्रिगर. मशीन बंद-चालू करायची गरज नाही. इव्हीटेस्ट पुन्हा चालवा, नवं नाव दिसेल.

## ८. रिकाम्या बटणाला काम लावा

टी४७०च्या एफ१२वरच्या ताऱ्याला मिंटमध्ये आयतं काही काम नाही. सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, शॉर्टकट्स, कस्टम शॉर्टकट्स इथे जा. नवा शॉर्टकट जोडा, नाव काहीही, आज्ञा म्हणून जीनोम-कॅल्क्युलेटर. मग खालच्या 'अनअसाइन्ड' ओळीवर दोनदा क्लिक करून तारा दाबा. त्या चौकटीत काहीच उमटलं नाही आणि लिबइनपुटमध्ये मात्र दिसत होतं, तर ती मगाचची २५५ची भिंत आहे. पायरी ७प्रमाणे त्याला 'प्रॉग१' नाव द्या आणि पुन्हा या. फरक इतकाच की स्कॅनकोड 'थिंकपॅड एक्स्ट्रा बटन्स'कडून घ्यायचा आणि ओळखीची ओळही त्याच साधनाची उचलायची.

मराठी टायपिंग करणाऱ्यांचा एक नेहमीचा प्रश्न: इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना हॉटकी बिघडतात का? नाही. लेआउट अक्षरांचा असतो, आवाज-ब्राइटनेसची बटणं प्रत्येक लेआउटला वेगळ्या तक्त्यातून तशीच जोडलेली असतात.

## ९. तरीही अडलं तर कळवा, पण नीट

नोंदींत 'अनहँडल्ड एचकी इव्हेंट' आणि पुढे शून्य-एक्सने सुरू होणारा आकडा दिसला तर ड्रायव्हरला निरोप पोचलाय, फक्त अर्थ माहीत नाही. आधी मिंटच्या अपडेट मॅनेजरमधून नवं कर्नेल घेऊन बघा. नवीन मॉडेलची बटणं कर्नेलच्या पुढच्या आवृत्त्यांत जोडली जात असतात. जुनं कर्नेल लगेच काढू नका, परत फिरायला लागतं.

नव्यातही तेच असेल तर मिंटकडे किंवा ड्रायव्हर सांभाळणाऱ्यांकडे तक्रार नोंदवा. सोबत एवढं द्या:

- मॉडेल आणि मशीन टाइप
- बायोसची आवृत्ती
- यूनेम उणे आर या आज्ञेने मिळणारी कर्नेलची आवृत्ती
- कुठलं बटण दाबल्यावर काय उमटलं, ती ओळ जशीच्या तशी
- त्या बटणावरच्या चित्राचं वर्णन, कारण एफ९वर काय छापलंय ते मॉडेलगणिक बदलतं

लेनोवोच्या मशीनवर नाव विचारताना एक गोची होते. सिस्टिममधल्या 'प्रॉडक्ट_नेम' या फाइलमध्ये २०एचडीने सुरू होणारा कोड असतो आणि 'थिंकपॅड टी४७०' हे आपल्याला कळणारं नाव 'प्रॉडक्ट_व्हर्जन'मध्ये. दोन्ही द्या. मशीनची सगळी माहिती छापणाऱ्या डीएमआयडीकोड या आज्ञेचं अख्खं आउटपुट मात्र चिकटवू नका. त्यात लॅपटॉपचा सिरियल नंबर आणि यूयूआयडी (त्या एकाच मशीनचा ओळख क्रमांक) असतो, ते आधी खोडा.

आणि ९० क्रमांकाची ती फाइल केली असेल तर तिची एक प्रत होम फोल्डरबाहेर, पेनड्राइव्हवर ठेवा. मिंट नव्याने टाकलं की इटीसीमधलं सगळं जातं.